फुप्फुसात उतरलेला कर्करोग आणि परळची वाट

ऑस्टिओसार्कोमा हा हाडातच जन्मणारा कर्करोग फार विरळा आहे. दरवर्षी दहा लाख माणसांमागे तीन ते चार जणांना तो होतो आणि त्यांतली बरीच मुले वाढीच्या वयातली, दहा ते वीस वर्षांची असतात. गाठ बहुधा गुडघ्याच्या आसपास येते. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीचे वरचे टोक या त्याच्या नेहमीच्या जागा, कारण त्या वयात हाड सर्वांत झपाट्याने तिथेच वाढत असते. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ७१ हजार भरली. वरच्या प्रमाणाने हिशेब केला तर अख्ख्या तालुक्यात दोन वर्षांत एखादा रुग्ण निघतो. पौडला किंवा पिरंगुटला आयुष्यभर दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरच्या वाट्याला असा एखादा रुग्ण आला तरी खूप झाले. म्हणूनच अशा रोगातून वाचलेल्यांचा इतिहास एका तालुक्यात मावत नाही. खोऱ्यातल्या वाडीपासून मुंबईच्या परळपर्यंतची सगळी वाट त्यात येते.

या रोगात रुग्ण दगावतो तो पायातल्या गाठीने नव्हे, तर फुप्फुसात रुजलेल्या गाठींनी. हातापायांतले अशुद्ध रक्त शिरांतून हृदयाच्या उजव्या बाजूला जाते आणि तिथून थेट फुप्फुसात. गाठीपासून सुटलेल्या पेशींना वाटेत भेटणारे केशवाहिन्यांचे पहिले जाळे फुप्फुसातलेच. सार्कोमा या वर्गातले कर्करोग मुख्यतः रक्तावाटे पसरतात, त्यामुळे त्यांचा प्रसार प्रथम आणि पुष्कळदा फक्त फुप्फुसातच सापडतो. सुटलेली प्रत्येक पेशी रुजत नाही. तिला मानवेल अशी जमीन लागते, हा विचार इंग्लंडच्या स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये मांडला. प्रसार फुप्फुसापुरता थांबला असेल तर तो कापून काढता येईल आणि माणूस वाचेल, या आशेचा सगळा आधार या शरीररचनेत आहे. यकृतात, मेंदूत आणि हाडांत एकाच वेळी पसरणाऱ्या कर्करोगात ही आशा धरता येत नाही.

औषधे नव्हती तेव्हा पाय वेळेवर कापला तरी पाचांतले चार रुग्ण वर्षा-दोन वर्षांत फुप्फुसातल्या प्रसाराने जात. याचा अर्थ रोग कळला त्याच दिवशी बहुतेकांच्या फुप्फुसात डोळ्याला न दिसणारी बीजे पडलेली असत.

छाती उघडण्याचे धाडस शल्यचिकित्सेत फार उशिरा आले. छातीला भोक पडले की बाहेरची हवा आत घुसते, फुप्फुस मिटते आणि रुग्ण गुदमरतो. व्हिएन्नाच्या जोसेफ वाइनलेख्नर यांनी १८८२ मध्ये छातीच्या भिंतीवरचा सार्कोमा काढताना फुप्फुसावर दिसलेल्या दोन गाठीही काढल्या. तो रुग्ण लगेच दगावला. पुढच्या एक-दोन वर्षांत झ्युरिकच्या क्रोनलाइन यांनी एका तरुणीवर तशीच शस्त्रक्रिया केली आणि ती सुमारे सात वर्षे जगली. भूल देण्याची आजची कोणतीही सोय नसताना, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्याही आधी मिळालेली ही सात वर्षे या विषयातले पहिले दीर्घ जीवन म्हणावे लागेल. अर्थात या दोन्ही वेळी फुप्फुसातली गाठ शोधून काढलेली नव्हती. दुसरे काही काढताना ती हाताला लागली. केवळ फुप्फुसातल्या प्रसारासाठी छाती उघडण्याची पहिली शस्त्रक्रिया प्रागच्या दिविश यांच्या नावावर १९२७ मध्ये नोंदली गेली आहे.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. १९०४ मध्ये ब्रेस्लाऊला फर्डिनांड साउअरब्रुख यांनी कमी दाबाची बंद खोली तयार केली. रुग्णाचे धड आणि शल्यविशारद आत, रुग्णाचे डोके बाहेर, अशी ती रचना. त्यामुळे छाती उघडली तरी फुप्फुस मिटत नसे. नंतर श्वासनलिकेत नळी घालून हवा देण्याची पद्धत आली आणि ती खोली मागे पडली. १९३३ मध्ये अमेरिकेत एव्हार्ट्‌स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी एका डॉक्टरचे अख्खे फुप्फुस काढले. तो रुग्ण पुढे ग्रॅहम यांच्यापेक्षाही जास्त जगला.

त्याच वर्षी बोस्टनला बार्नी आणि चर्चिल या शल्यविशारदांच्या हातून घडलेली घटना या इतिहासात वारंवार सांगितली जाते. मूत्रपिंडाच्या कर्करोगाची एक गाठ एका स्त्रीच्या फुप्फुसात पसरली होती. मूत्रपिंड काढले गेले आणि फुप्फुसाचा तो भागही काढला गेला. ही स्त्री पुढे २३ वर्षे जगली आणि अखेर हृदयविकाराने गेली. पसरलेल्या कर्करोगाचा रुग्ण दुसऱ्याच कारणाने, म्हातारपणी मरू शकतो, ही गोष्ट तिच्यामुळे प्रथमच ठामपणे समोर आली. एका रुग्णावरून नियम होत नाही. पण एक रुग्ण अशक्य मानलेली गोष्ट खोटी ठरवू शकतो, आणि या स्त्रीने तेच केले. १९४७ मध्ये मिशिगनच्या अलेक्झांडर आणि हाइट यांनी अशा २४ रुग्णांचा अनुभव एकत्र मांडला. मूळ गाठ आटोक्यात हवी, इतरत्र प्रसार नको, आणि रुग्णाला शस्त्रक्रिया सोसवली पाहिजे, या त्यांनी घातलेल्या अटी. १९६५ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी त्या आणखी नेमक्या केल्या. शस्त्रे आणि औषधे कितीतरी बदलली, तरी आजही रुग्ण याच अटींवर निवडला जातो.

महाराष्ट्रात छातीची शस्त्रक्रिया आली ती कर्करोगासाठी नव्हे, क्षयासाठी. स्ट्रेप्टोमायसिन मिळण्यापूर्वी क्षयाने पोखरलेले फुप्फुस मिटवून त्याला विसावा देणे हाच एक उपाय होता. त्यासाठी छातीत हवा भरत, नाहीतर बरगड्या काढून छातीची भिंतच आत बसवत. मिरजेजवळ वानलेसवाडीचे आरोग्यधाम, मुंबईतले शिवडीचे क्षयरोग रुग्णालय, पुण्याजवळ औंधचे छातीचे रुग्णालय या सगळ्या याच जगातल्या जागा. फुप्फुसाची सावली वाचणे, छातीत नळी टाकणे, मिटलेले फुप्फुस पुन्हा फुगवणे ही कसबे इथल्या डॉक्टरांच्या हातात क्षयामुळे आली. तीच पुढे कर्करोगाच्या कामी आली.

या काळात मुळशी खोऱ्याचे नाव देशभर गाजत होते ते वेगळ्याच कारणाने. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरले आणि सुमारे पन्नास गावांच्या भातशेतीवर पाणी फिरणार हे स्पष्ट झाले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी, आणि बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळाले ते याच लढ्यात. लढा यशस्वी झाला नाही. १९२७ मध्ये घाटाखालच्या भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले आणि मुळशीच्या पाण्यावरची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. बुडालेल्या गावांच्या वारसांचे पुनर्वसनाचे प्रश्न पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले. त्या काळी टाटा उद्योगांच्या प्रमुखपदी दोराबजी टाटा होते. त्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, दुसऱ्या वर्षी दोराबजीही वारले. त्यांच्या संपत्तीतून उभ्या राहिलेल्या विश्वस्त निधीने परळला कर्करोगाचे टाटा रुग्णालय बांधले. मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले तेव्हा खाटा ८० होत्या. ज्या घराण्याच्या धरणाने खोरे बुडवले त्याच घराण्याच्या निधीतून उभे राहिलेले रुग्णालय खोऱ्यातल्या मुलांचे शेवटचे आशास्थान झाले. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही, पण मुळशीच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी जवळजवळ ठेवाव्या लागतात.

रुग्णालयाच्या पहिल्या पिढीत दोन माणसे मोलाची होती. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तिथली विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. गाठ कोणत्या जातीची आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय उपचार ठरवायचा नाही, ही शिस्त त्यांच्यामुळे रुजली. विरळ कर्करोगात ही शिस्त म्हणजे अर्धा उपचार. गुडघ्याची सूज मुका मार असू शकते, हाडात झालेला पू असू शकतो, हाडाचा क्षय असू शकतो किंवा सार्कोमा, आणि प्रत्येकाची वाट निराळी. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस हे गोमंतकीय कुटुंबातले शल्यविशारद. मोठ्या शस्त्रक्रियांची परंपरा त्यांनी परळला घातली. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. १९५७ मध्ये रुग्णालय केंद्र सरकारकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले. १९६३ मध्ये डॉ. जस्सावाला यांनी इंडियन कॅन्सर सोसायटीतर्फे मुंबईची कर्करोग नोंदवही सुरू केली. किती लोकांना कोणता कर्करोग होतो हे लोकसंख्येच्या आधाराने मोजणारी ही देशातली पहिली नोंदवही. पुढे पुण्याचीही नोंद होऊ लागली. १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण भागाची नोंदवही सुरू झाली, आणि तिने निराळी पद्धत घातली. खेड्यातला रुग्ण आपण होऊन रुग्णालयात येत नाही, म्हणून नोंद करणारी माणसेच गावोगाव फिरू लागली.

परळला या काळात हाडाच्या कर्करोगावर मुख्य उपाय पाय किंवा हात कापण्याचाच होता. कापूनही बहुतेक मुले फुप्फुसातल्या प्रसाराने जात, हे वर सांगितलेच.

बदल घडवला तो औषधांनी. १९७० नंतरच्या दशकात नॉर्मन जेफी यांनी बोस्टनला मेथोट्रेक्सेट प्रचंड मात्रेत देऊन त्यावर उतारा देण्याची पद्धत वापरली. त्याच सुमारास ॲड्रियामायसिनचा आणि पुढे सिस्प्लॅटिनचा उपयोग दिसून आला. अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या मुलाचा पाय १९७३ मध्ये, बाराव्या वर्षी कापला गेला. त्याला नवी औषधे मिळाली आणि तो वाचला. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा पाय १९७७ मध्ये कापला गेला. त्याने कृत्रिम पायावर देशभर धावायला घेतले, १९८० मध्ये फुप्फुसातला प्रसार दिसला आणि १९८१ मध्ये तो गेला. औषधांनी खरोखर फरक पडतो की रोगच सौम्य झाला आहे, असा वाद तेव्हा होता. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासाने तो मिटवला. फक्त शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दोन वर्षांनंतर १७ टक्के रुग्ण रोगमुक्त होते, औषधेही दिलेल्यांपैकी ६६ टक्के. यानंतर केमो, म्हणजे या औषधांचा उपचार, अविभाज्य भाग झाला.

फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेलाही औषधांनीच खरा अर्थ दिला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील मार्टिनी आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये एकाच रुग्णाची छाती पुन्हा पुन्हा उघडून, गाठी उगवतील तशा काढत जाण्याचा अनुभव मांडला होता. त्यातले काही रुग्ण वर्षानुवर्षे जगले. औषधे आल्यावर न दिसणारी बीजे बऱ्याच प्रमाणात मरू लागली आणि उरलेल्या मोजक्या गाठी शस्त्राच्या टप्प्यात आल्या. १९७० च्या दशकात आलेल्या सिटी स्कॅनमुळे त्या लहान असतानाच दिसू लागल्या. स्वीडनच्या कार्लेन्स यांनी १९४९ मध्ये केलेल्या दुहेरी नळीमुळे एक फुप्फुस मिटवून दुसऱ्यावर श्वास चालू ठेवणे साधले होते. या सगळ्या गोष्टी एकत्र यायला शतक लागले.

ही शस्त्रक्रिया कशी होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. रुग्ण कुशीवर, वरचा हात डोक्याकडे. बरगड्यांमधून छाती उघडली की भूलतज्ज्ञ त्या बाजूची हवा बंद करतो. गुलाबी, करड्या ठिपक्यांचे फुप्फुस हळूहळू मिटते आणि ओल्या स्पंजासारखे हातात येते. शल्यविशारद ते अंगठा आणि बोटांमध्ये धरून टोकापासून तळापर्यंत इंच इंच चाचपतो. ऑस्टिओसार्कोमाची गाठ स्वतः हाड तयार करते, म्हणून ती दोन-तीन मिलिमीटरची असली तरी बोटाला कडक लागते. सिटीत तीन दिसल्या असतील तर बोटांना पाच सापडू शकतात. सापडलेली प्रत्येक गाठ भोवतीच्या थोड्या निरोगी भागासह पाचरीच्या आकारात कापली जाते आणि कापलेली कड स्टेपलरने बंद होते. फुप्फुस जितके राखता येईल तितके राखायचे, कारण पुढच्या वर्षी पुन्हा याच छातीत यावे लागेल, हे शल्यविशारदाच्या मनात असते. शेवटी फुप्फुस फुगवून पाण्याखाली धरतात आणि बुडबुडे येतात का पाहतात. छातीत नळी ठेवून जखम शिवली जाते. दुसऱ्या दिवसापासून फिजिओथेरपिस्ट मुलाला उठवून बसवतो आणि तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढायला लावतो. बरगड्यांच्या दुखण्यामुळे मूल खोल श्वास घ्यायला तयार नसते, आणि न घेतला तर न्यूमोनिया होतो. वॉर्डात आईवडिलांचे पहिले काम असते ते चेंडू वर चढवून घेणे.

१९९० नंतर छोट्या छिद्रांतून कॅमेऱ्याने हेच काम करण्याची पद्धत आली. वेदना कमी, घरी लवकर. पण बोटांचे चाचपणे त्यात हरवते. न्यूयॉर्कच्या मॅकॉर्मॅक यांनी १९९६ मध्ये कॅमेऱ्याने शस्त्रक्रिया करून लगेच छाती उघडून पाहिली. १८ रुग्णांपैकी १० जणांत राहून गेलेल्या कर्करोगाच्या गाठी सापडल्या आणि अभ्यास तिथेच थांबवला गेला. स्कॅन तेव्हापासून कितीतरी सुधारले, तरी हाडाच्या सार्कोमात बरेच शल्यविशारद बोटांवरच अधिक विश्वास ठेवतात.

दरम्यान परळला पाय राखून गाठ काढण्याच्या शस्त्रक्रिया रूढ झाल्या आणि काढलेल्या हाडाच्या जागी बसवायचा धातूचा सांधा देशातच तयार होऊ लागला. आयात सांध्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती, त्यामुळे हा देशी सांधा नसता तर बहुतेकांच्या वाट्याला पाय कापणेच आले असते. औषधांतही परळने आपली वाट काढली. मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या मात्रेसाठी रक्तातले प्रमाण वारंवार मोजावे लागते आणि रुग्णाला दीर्घकाळ दाखल ठेवावे लागते. खाटांची टंचाई असलेल्या रुग्णालयात ते झेपत नाही. २०११ नंतर टाटा रुग्णालयाने मेथोट्रेक्सेट वगळून ॲड्रियामायसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फमाइड या तीन औषधांची स्वतःची योजना वापरात आणली. ती ‘ओजीएस-१२’ या नावाने ओळखली जाते. परदेशी पाठ जसाच्या तसा गिरवण्यापेक्षा आपल्या वॉर्डात शेवटपर्यंत पार पडेल असा उपचार आखणे हे शहाणपणाचे होते.

महाराष्ट्रात एक अडचण अशी आहे जी बोस्टनच्या पाठ्यपुस्तकात सापडत नाही. फुप्फुसावर डाग दिसला की इथे पहिले नाव क्षयाचे येते. पाय कापलेल्या मुलाच्या छातीत गाठ दिसते आणि गावाजवळचा डॉक्टर क्षयाची औषधे सुरू करतो. दोन-तीन महिने जातात आणि एकाच्या चार गाठी होतात. उलटही घडते. कर्करोग समजून ज्याची आशा सोडली त्याच्या फुप्फुसातला डाग क्षयाचा निघतो आणि सहा महिन्यांच्या गोळ्यांनी जातो. म्हणून संशय असेल तिथे तुकडा काढून तपासणे, म्हणजे खानोलकरांची ती जुनी शिस्त, या प्रदेशात दुप्पट महत्त्वाची ठरते. पायाच्या गाठीबाबतही असेच नुकसान होते. कबड्डी खेळताना गुडघा मुरगळला असे समजून हाडवैद्याकडे नेतात आणि तेल लावून रोज चोळतात. सार्कोमाची गाठ चोळल्याने रोग पसरण्याची भीती असते आणि वेळ तर जातोच. रात्री झोपेतून उठवणारे, आठवडे गेले तरी न थांबणारे गुडघ्याचे दुखणे असेल तर एक साधा एक्स-रे काढायचा, एवढे जरी घराघरात ठाऊक झाले तरी पुष्कळ फरक पडेल.

फुप्फुसातला प्रसार काढल्यावर किती जण किती वर्षे जगतात याचे पहिले मोठे उत्तर १९९७ मध्ये मिळाले. युरोप, अमेरिका आणि कॅनडातल्या १८ विभागांनी ५,२०६ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. सगळ्या गाठी पूर्ण निघाल्या त्यांच्यापैकी ३६ टक्के पाच वर्षांनी, २६ टक्के दहा वर्षांनी आणि २२ टक्के पंधरा वर्षांनी हयात होते. गाठी पूर्ण निघाल्या नाहीत त्यांच्यापैकी पाच वर्षे गाठणारे १३ टक्केच. गाठ एकच असेल तर पाच वर्षांनी ४३ टक्के, चार किंवा अधिक असतील तर २७ टक्के. मूळ रोगानंतर तीन वर्षांहून उशिरा प्रसार झाला तर ४५ टक्के, वर्षाच्या आत झाला तर ३३ टक्के. शस्त्रक्रियेने दगावणारे सुमारे १ टक्का. निम्म्याहून अधिक रुग्णांत रोग पुन्हा उठला, आणि त्यांतल्या अनेकांची छाती पुन्हा उघडली गेली.

या आकड्यांत आशा आहे तशी एक फसगतही आहे, आणि ती सांगितली नाही तर रुग्णावर अन्याय होईल. शस्त्रक्रियेसाठी निवडले जातात ते मुळातच बरे असलेले रुग्ण. त्यांच्या गाठी मोजक्या, हळू वाढणाऱ्या आणि प्रकृती धडधाकट. ते जगले त्यात शस्त्राचा वाटा किती आणि रोगाच्या संथपणाचा किती, हे अशा नोंदींवरून कळत नाही. इंग्लंडच्या टॉम ट्रेझर यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या फुप्फुसातील प्रसारावर त्यांनी चिठ्ठ्या टाकून तुलना करणारा अभ्यास केला. पुरेसे रुग्ण न मिळाल्याने तो ९३ जणांवर थांबला. शस्त्रक्रिया झालेल्यांचा मध्यम आयुष्यकाळ साडेतीन वर्षे, न झालेल्यांचा ३.८ वर्षे. शस्त्रक्रियेविना जगणारे सगळ्यांच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले. हाडाच्या सार्कोमात अशी तुलना झालेली नाही. तिथे सगळ्या गाठी काढल्याशिवाय दीर्घकाळ जगलेला रुग्ण अत्यंत विरळा, म्हणून शस्त्रक्रियेचा आग्रह समर्थनीय वाटतो. पण ‘दहा वर्षे जगलेला रुग्ण’ दाखवून दुसऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला छाती उघडायला लावणे योग्य नाही. वृषणाच्या कर्करोगात सिस्प्लॅटिन फुप्फुस बहुतांशी साफ करते आणि शल्यविशारद उरलेसुरले काढतो; मेलॅनोमात शस्त्राची मदत तोकडी. प्रत्येक कर्करोगाची चाल वेगळी ओळखणे भाग आहे.

आज प्रसार नसताना सापडलेल्या ऑस्टिओसार्कोमाचे ६० ते ७० टक्के रुग्ण पाच वर्षे गाठतात. सुरुवातीलाच फुप्फुसात प्रसार असेल तर हे प्रमाण २० ते ३० टक्क्यांवर येते. ते वर नेण्याची सर्वांत मोठी संधी गाठी मोजक्या असतानाच त्या पकडण्यात आहे. त्यासाठी पहिली दोन-तीन वर्षे दर तीन महिन्यांनी छातीची तपासणी, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने. कागदावर ही सोपी गोष्ट आहे. मुळशी धरणाच्या पलीकडच्या वाडीत राहणाऱ्या कुटुंबाला प्रत्येक तपासणी म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी बुडणे, पौडपर्यंत येणे, तिथून पुणे, पुण्याहून रेल्वेने दादर आणि तिथून परळ. मूल कुबड्यांवर किंवा नव्या सांध्यावर. जेरबाई वाडिया रस्त्याच्या पदपथावर रात्र काढणारी कुटुंबे मुंबईकरांच्या ओळखीची आहेत. गाडगेबाबांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या संस्थांनी त्यांतल्या हजारोंच्या डोक्यावर छप्पर दिले. वाचलेल्यांच्या हिशेबात औषधाइतकेच या खाटांचेही श्रेय आहे, कारण राहायला जागा नसलेला रुग्ण दुसऱ्या केमोला येत नाही.

खर्चाचे ओझे सरकारी योजनेने काही अंशी हलके झाले. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुणे जिल्हा त्यांत नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. सुरुवातीची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांची होती. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि केमो तिच्यात धरलेले असल्याने पिवळे किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या घरातल्या मुलाचा उपचार निम्म्यात सुटण्याचे प्रमाण घटायला तिने हातभार लावला. २०१२ मध्येच स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यामुळे देशभरातली रुग्णालये टाटा रुग्णालयाशी जोडली गेली आणि उपचाराचे काही टप्पे घराजवळ होऊ लागले. पुण्यातही छातीच्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रिया आता होतात.

मुळशी तालुका या काळात दोन भागांत वाटला गेला आहे. पूर्वेला हिंजवडी, बावधन, सूस, लवळे. तिथून पुण्यातले मोठे रुग्णालय तासाभराच्या अंतरावर. पश्चिमेला ताम्हिणी घाटाकडची पावसाळी गावे, धनगरांच्या आणि कातकऱ्यांच्या वस्त्या. तिथे एक्स-रे काढायलाही दिवस मोडतो. एकाच तालुक्यातल्या दोन मुलांना एकाच वर्षी हा रोग झाला तर त्यांच्या फुप्फुसातल्या गाठी किती असताना सापडतील हे पुष्कळसे त्यांचे घर कोणत्या टोकाला आहे यावर ठरते.

वाचलेल्यांची संख्या वाढली तसा नवा प्रश्न उभा राहिला. ॲड्रियामायसिन हृदयाचे स्नायू दुबळे करू शकते आणि त्याचा परिणाम कधी कधी दहा-पंधरा वर्षांनी दिसतो. सिस्प्लॅटिनने उंच स्वर ऐकू येईनासे होतात, आयफॉस्फमाइड मूत्रपिंडाला आणि प्रजननक्षमतेला बाधू शकते. धातूचा सांधा सैल होतो, बदलावा लागतो. दोनदा-तीनदा छाती उघडलेल्याचा दम चढावर लागतो, आणि मुळशीत सपाट रस्ता थोडाच. हे ध्यानात घेऊन टाटा रुग्णालयात १९९१ मध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. तिथे येणाऱ्यांची हृदयाची सोनोग्राफी, ऐकण्याची चाचणी आणि रक्ताच्या तपासण्या ठरल्या क्रमाने होतात. शाळा, नोकरी आणि लग्न यांबद्दलही बोलले जाते. २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने ‘उगम’ हा बऱ्या झालेल्या तरुणांचा गट स्थापन झाला. लहानपणी स्वतः केमो घेतलेली ही मंडळी आज वॉर्डातल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना भेटतात. ‘तुमचे मूल मोठे होईल’ हे वाक्य डॉक्टरने म्हणण्यापेक्षा त्यांनी समोर उभे राहून म्हटले की अधिक पटते.

फुप्फुसातला रोग पाच वर्षांनंतर परत येण्याचे प्रसंग थोडे, पण ते येतात. म्हणून छातीची तपासणी पाच वर्षांवर थांबवली जात नाही. ती वर्षातून एकदा, दहा वर्षांपर्यंत चालू राहते आणि हृदयाची तपासणी त्यानंतरही.